तळवा कोरडा ठेवा

मित्रांनो, मी एक पाचर आहे. जुनी आहे, लोखंडाची आहे, अकरा किलो वजनाची आहे आणि जरा तोंडाळही आहे, ते आधीच सांगून टाकते. उतारावर बैलगाडी सोडली की चाकाखाली धोंडा सरकवतात ना? माझं काम तेच. फरक इतकाच की माझ्या उरावर बैलगाडी नसते, खतानं भरलेली रेल्वेची वाघीण असते. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. तिला शेपूट नसतं, पण ती उधळली तर जनावरापेक्षा वाईट. हे मी ऐकीव सांगत नाही. मी तिच्या चाकाखाली होते आणि तिला मीच अडवू शकले नव्हते. ती गोष्ट सांगायला मला आजही जड जातं. पण सांगते.

आमची लाईन तशी लहान. मोठ्या लाईनीपासून फुटते आणि वाशी-भूमच्या बाजूच्या माळरानात चौदा किलोमीटर आत घुसते. तिच्यावर कधी कुणी तिकीट काढून बसलेलं नाही. येताना खत, बियाणं आणि पेंड आणायची, जाताना सोयाबीन, हरभरा, कांदा न्यायचा, एवढंच तिचं जगणं. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या संघानं ती चालवायला घेतलीय. एक इंजिन, दहा-बारा जुन्या वाघिणी आणि शेवटच्या टोकाला पांढरमाळचा मालधक्का. मालधक्का उंचावर आहे. तिथून रूळ खाली उतरत जातात आणि तीनशे पावलांवर भूमकडं जाणारा रस्ता ओलांडतात. तिथं साखळीचं फाटक आहे. हा उतार नीट लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्या उतारावरच घडलं.

माझा जन्म तेरखेड्याचा. गावात जिकडंतिकडं फटाक्यांची कामं चाललेली, आणि त्यात बजरंग लोहाराचा भाता तेवढा वेगळा पेटलेला. या भागात फार पूर्वी एक अरुंद रुळांची छोटी गाडी होती. ती बंद झाल्यावर तिच्या रुळाचा एक तुकडा बजरंगच्या दारात कितीतरी वर्षं पडून होता. त्यातूनच त्यानं आम्हा दोघींना घडवलं. हो, दोघींना. पाचरी जोडीनं करतात, एक या रुळाला आणि एक त्या रुळाला. मला खाली सपाट तळवा दिला, तो रुळावर बसतो. वर उतरती जीभ दिली, ती चाकाखाली जाते. रुळावरून पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना कान दिले. मग पाण्यात बुडवून काढलं आणि बजरंग म्हणाला, ही पोरगी कुणाला हलू द्यायची नाही. मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

मालधक्क्यावर आमचा ताबा रेवणसिद्ध मुकादमांकडं होता. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, कपाळाला विभूती, खांद्यावर मळका पंचा. वाघीण उभी करायची, तिचा हातब्रेक आवळायचा आणि आम्हाला चाकांखाली बसवायचं, हे ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्यांची एक पद्धत होती. पाचर लावण्याआधी ते खांद्यावरचा पंचा काढायचे, रूळ पुसायचे, मग मला उलटी करून माझा तळवा पुसायचे आणि विचारायचे, "कोरडी हायेस न्हवं?" मग रुळावर ठेवून टाचेनं दोन ठोसे द्यायचे. हमाल हसायचे. मुकादम लोखंडाशी बोलतात म्हणायचे. हसू द्या. तळवा कोरडा असला तरच माझी पकड असते, आणि माझ्यात पकडीशिवाय दुसरं आहे काय?

त्यांच्या पत्नी उमाबाई खालच्या फाटकावर. साखळी लावायची, सोडायची, हे त्यांचं काम. कधीकाळी मोठा ताप येऊन त्यांचे दोन्ही कान गेले. अगदी जवळ येऊन ओरडलं तर थोडंफार कळायचं, नाहीतर त्या समोरच्याचे ओठ बघून समजून घ्यायच्या. ऐकू न येणारी बाई फाटकावर कशी, असं संघाच्या बैठकीत एकानं विचारलं होतं म्हणे. तेव्हा उमाबाईंनी त्याला रुळावर नेलं, आपला तळहात रुळावर टेकवला आणि सांगितलं, गाडी निघाली. गाडी खरंच निघाली होती, पण अजून दोन वळणं पलीकडं होती. त्या माणसाला शिट्टीसुद्धा ऐकू आली नव्हती. तेव्हापासून कुणी ब्र काढला नाही. रूळ थरथरला की आधी बाजूला व्हायचं, मग साखळी लावायची, आणि गाडी कुठं आहे ते सगळ्यात शेवटी बघायचं, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नेम होता.

असं आमचं बरं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात संघाच्या कचेरीचं दार वाऱ्यानं आपटायला लागलं आणि कुणीतरी माझी जोडीण उचलून दाराला लावली. चार दिवसांसाठी म्हणून गेली ती तिथंच राहिली. मुकादमांनी दोनदा मागितली. कचेरीवाले दुसरी करून घेऊ म्हणाले, आणि ते तसंच राहिलं. वाघीण अडवायला जन्मलेली माझी बहीण दार अडवत बसली आणि दोघींचं काम माझ्या एकटीवर आलं. त्या जुन्या वाघिणींचे हातब्रेकही घासून घासून नावापुरते उरले होते. सगळ्यांना माहीत होतं. पण मी हलत नव्हते ना, म्हणून कुणाला घाई नव्हती.

मित्रांनो, आता त्या दिवसाचं सांगते. खंडेनवमी होती. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा करतात हे तुम्हाला माहीतच आहे. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, सुतार करवत पुजतो. आमच्या धक्क्यावरचे हमाल पोती ओढायचे आकडे, पहारी, फावडी, सगळं धुऊन मांडतात. पूजेत बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, असा रिवाज. त्यामुळं त्या दिवशी लाईन बंद होती. इंजिन मोठ्या लाईनीच्या तोंडाशी झेंडूचा हार घालून उभं होतं. वर धक्क्यावर खतानं भरलेल्या दोन वाघिणी होत्या आणि त्यांच्या चाकाखाली मी.

सगळ्यात जुना हमाल धुळाप्पा. त्याचाच हट्ट, की पाचरीलाही पूजेत बसवायचं. वर्षभर आपला जीव राखते ती, आज तिला का वगळायचं? मुकादमांना पटलं. त्यांनी माझ्या जागी दोन मोठे धोंडे लावले आणि मला बाहेर काढलं. मला चिंचेनं घासलं. मग धुळाप्पानं करडईच्या तेलाची वाटी आणली आणि मुकादमांनी स्वतःच्या हातांनी मला तेल चोळलं, जीभ, कान, तळवा, सगळीकडं. हळद-कुंकू लावलं, डोक्यावर झेंडू ठेवला, नारळ फोडला. मी अशी चकाकत होते की माझी मलाच ओळख पटेना. खोटं कशाला बोलू, मी पार हुरळून गेले होते. तेल तळव्याला लागलंय हे मला कळत होतं. पण कौतुक चाललेलं असताना कुणाला उठावंसं वाटतं?

पूजा झाली आणि मुकादम अस्वस्थ झाले. त्यांची नजर सारखी त्या धोंड्यांकडं जात होती. शेवटी ते उठलेच. म्हणाले, पाचर परत लावतो. धुळाप्पा नाराज झाला, पूजेतलं उचलू नका म्हणाला. मुकादम म्हणाले, वाघिणीला खंडेनवमी कळत नाही. त्यांनी मला उचललं, चाकापाशी आणलं आणि सवयीनं त्यांचा हात खांद्यावरच्या पंच्याकडं गेला.

"पूजा पुसता व्हय, मुकादम?" धुळाप्पा म्हणाला.

हात तिथंच थांबला. मग हळूच खाली आला. लावलेलं कुंकू आणि चढवलेलं तेल त्याच दिवशी पुसायचं नसतं, हे त्यांच्याही अंगात भिनलेलं होतं. त्यांनी मला तेलकट तशीच रुळावर ठेवलं, धोंडे काढले आणि टाचेनं दोन ठोसे दिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला कोरडी आहेस का असं विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मला कुठं तोंड आहे. मी नुसती चाकाला टेकून बसले, आणि माझ्या तळव्याखाली रूळ बुळबुळीत लागत होता.

खाली फाटकावर साखळी सोडलेली होती. गाडी येणार नव्हती, म्हणून उमाबाईंनी घरचं सोयाबीन ताडपत्रीवर पसरून थेट रुळांच्या मधोमध वाळत घातलं होतं. थोडे दाणे रुळांवरही सांडले होते. उताराकडं पाठ करून त्या निवडत बसल्या होत्या. मला वरून त्यांचं हिरवं लुगडं दिसत होतं.

इतक्यात भूमच्या बाजूचा सोमेश नावाचा शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. ज्वारीच्या पेरणीसाठी त्याला खत हवं होतं. रानाला वापसा आलेला, दोन दिवसांत ओल उडाली असती. मुकादमांनी आज काम बंद असल्याचं सांगितलं. तो गयावया करायला लागला, हत्याराला हात लावू नका मुकादम, मी माझ्या पाठीवर पोती घेतो म्हणाला. माणूस लांबून आलेला. मुकादमांनी मान डोलावली. सोमेशनं ट्रॉली मागं घेतली. एक फूट जास्त घेतली. ट्रॉलीचा कोपरा वाघिणीला धडकला.

एरवी असल्या धक्क्यानं चाक माझ्या जिभेवर चढतं, मी रुळाला चावते आणि विषय संपतो. त्या दिवशी चाक जिभेवर चढलं आणि मी चावलेच नाही. मी सरकले. आधी बोटभर, मग वीतभर. मला वाटलं आता थांबेन, पण पाठीमागून दोन्ही वाघिणींचा भार आला आणि मी चालू लागले. मित्रांनो, पाचरीनं चालायचं नसतं.

गंमत अशी की आवाज काहीच झाला नाही. इंजिन नाही, शिट्टी नाही, तेलावरून सगळं गुपचूप. पहिल्यांदा कुलदीपनं पाहिलं. हा हमालांतला तरणा गडी. धक्का मागं चाललाय असं त्याला वाटलं, आणि मग कळलं की वाघीण पुढं चाललीय. धुळाप्पानं या वयात पायरीवर उडी घेतली आणि हातब्रेकचं चाक फिरवायला लागला. चाक फिरत होतं, पण आवळत काही नव्हतं. मुकादमांनी मघाचा धोंडा उचलून दुसऱ्या चाकापुढं टाकला. त्याचा चुरा झाला. मग त्यांनी उताराकडं पाहिलं, आणि त्यांना ते हिरवं लुगडं दिसलं.

ते ओरडले. सगळेच ओरडले. कुणासाठी ओरडत होते? ज्या बाईला कानाशी ओरडलं तरी नीट कळत नाही, तिच्यासाठी. मुकादमांना ते कळत होतं, तरी ते ओरडत धावत होते. कुलदीपला सुचलं. पूजेसाठी आणलेली तेरखेड्याची फटाक्यांची माळ शिल्लक होती, त्यानं ती पेटवून दिली. माळेला मध्ये मोठे बार बांधलेले होते. त्यांचा दणका जमिनीतून उमाबाईंपर्यंत पोचला असावा, कारण त्यांनी मान वळवली. आमच्याकडं पाहिलं. धूर पाहिला, धावणारी माणसं पाहिली. आणि हसून हात हलवला. पूजा झाली, पोरं फटाके उडवतायत, एवढंच त्यांना वाटलं. समोरून सरळ येणारी वाघीण लांबून उभीच दिसते. त्यांनी पुन्हा पाठ केली आणि निवडायला लागल्या.

शंभर पावलं मागं पडली होती. वेग धावणाऱ्या माणसाइतका झाला होता. मी रुळावरून घसरत होते आणि माझा संताप संताप होत होता. सोमेशचा नाही, धुळाप्पाचा नाही, माझाच. ती झेंडूची पाकळी अजून माझ्या कानाला चिकटलेली होती. ही पोरगी कुणाला हलू द्यायची नाही, असं म्हणाला होता बजरंग.

मुकादम माझ्या पुढं गेले. कसे गेले देव जाणे, त्या गुडघ्यांनी. रुळाशेजारचा मुरूम त्यांनी ओंजळीनं उपसला आणि माझ्या पुढ्यात रुळावर फेकला. मी त्यावरून घसरले. पुन्हा ओंजळ. पुन्हा घसरले. ते वाकायचे, उपसायचे, फेकायचे, चार पावलं धावायचे, पुन्हा वाकायचे. एकदा पडले. पडल्यापडल्याच मूठ भरून फेकली. तो मुरूम माझ्या तळव्याखाली भरडला जात होता आणि तेल खात होता. कुलदीपही आला, तोही फेकायला लागला. सात ओंजळी, आठ ओंजळी. आणि मग मला माझ्या तळव्याखाली रूळ लागला. खराखुरा रूळ, खरखरीत. मी चावले.

तेव्हा जो आवाज निघाला तो अर्ध्या शिवारानं ऐकला. उमाबाईंनी नाही ऐकला. पण त्यांच्यासमोर रुळावर सांडलेले सोयाबीनचे दाणे उडायला लागले. तव्यावरच्या लाह्यांगत टणाटण उडायला लागले. त्या क्षणभर बघत राहिल्या, मग तळहात रुळावर टेकवला. पुढचं त्यांच्या नेमाप्रमाणं झालं. वर बघितलंच नाही, आधी उठून बाजूला झाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

पण नेमातलं दुसरं काम राहिलं होतं, साखळीचं. आणि भूमकडून एसटी येत होती. फाटक उघडं बघून ती सरळ येत होती. एसटीच्या बाजूची साखळी रुळांच्या पलीकडं. उमाबाईंनी एसटी पाहिली आणि त्या साखळीसाठी आमच्या समोरून लाईन ओलांडून धावल्या. मुकादमांनी आणखी एक ओंजळ फेकली. मी वाफ निघेस्तोवर तापले होते. पुढं ताडपत्री, आणि तिच्याशेजारी रुळावर सांडलेलं सोयाबीन. सोयाबीन भरडलं की त्यातूनही तेलच निघतं. तिथवर पोचले असते तर मी पुन्हा घसरणार होते आणि मग मला कुणी थांबवू शकलं नसतं. जे काय करायचं ते ताडपत्रीच्या अलीकडंच करायला हवं होतं. मी जीव खाऊन रूळ धरला. माझी जीभ वाकायला लागली. वाकू दे म्हटलं.

थांबले. ताडपत्रीपासून चार बोटं अलीकडं.

पलीकडच्या खांबाला साखळी अडकवून उमाबाई वळल्या आणि हाताच्या अंतरावर उभी राहिलेली वाघीण तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसली. साखळीच्या त्या बाजूला एसटी कचकन थांबली होती.  धुळाप्पा पायरीवरच बसून राहिला. सोमेशनं धापा टाकत येऊन दुसऱ्या चाकांखाली धोंडे रचले.

मुकादम रुळाशेजारी मुरमातच बसले. त्यांचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते. उमाबाई त्यांच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि त्यांचे ओठ बघू लागल्या.

"तेल म्याच चोळलं," मुकादम म्हणाले. "पुसाया हात गेला हुता. मागं घेतला."

आपल्या हातांचं त्यांना काही नव्हतं. ते पुन्हापुन्हा तेच सांगत होते, हात गेला हुता, मागं घेतला. उमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वाकलेली जीभ, कानाला चिकटलेली पाकळी, तळव्याला तेल आणि मुरमाचा काळा चिखल. त्यांनी पदराचं टोक ओढून नवऱ्याच्या हातात दिलं.

"आता पुसा," त्या म्हणाल्या.

दोन्ही वाघिणी दोरखंडानं बांधून झाल्यावर मला बाहेर काढलं. खंडेनवमीच्या भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मुकादमांनी बायकोच्या पदरानं माझी पूजा पुसली. आधी तळवा, मग कान, मग जीभ. धुळाप्पा उतरून आला. मला वाटलं काहीतरी म्हणेल. त्यानं आपल्या डोक्याचा पटका सोडला आणि रूळ पुसायला बसला, वरून खालपर्यंत, तीनशे पावलं.

दुसऱ्याच दिवशी माझी जोडीण कचेरीच्या दारातून परत आली. दाराला आता वीट लावलीय, आणि दारानं कसलीही तक्रार केलेली नाही. वाघिणींच्या हातब्रेकांना नवे ठोकळे बसले. माझी जीभ बजरंगनं तापवून सरळ केली. पण नीट पाहिलंत तर एक बाक राहिलाय, आणि तो राहू दे असं मीच म्हणते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातसुद्धा माझ्यासारखं कुणीतरी असेल, जे कधी हलत नाही म्हणून ज्याच्याकडं कुणी बघत नाही. त्याची पूजा जरूर करा. आम्हालाही कौतुक आवडतं, मी काही साधू नाही. पण आधी त्याला कामाला काय लागतं ते विचारा, आणि तेवढं रोज द्या. फूल डोक्यावर ठेवा. तळवा कोरडा ठेवा.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. धुळाप्पानं हळद-कुंकू लावलं, तेलाची वाटी मात्र आणली नाही. आम्ही दोघी बहिणी झेंडू माळून चाकांखालीच बसलोय, पूजा इथंच झाली. मघाशी उमाबाई खालून चढून आल्या. आम्हाला एकेक करून उलटं करवून घेतलं आणि मुकादमांच्या पंच्यावर भरवसा न ठेवता आमच्या तळव्यांवरून स्वतःचा हात फिरवला. मग बोटं अंगठ्यावर चोळून पाहिली. कोरडी होती. तोच हात त्यांनी रुळावर टेकवला आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच बसल्या. मी अजिबात हलले नाही.